क्षमा केली म्हणते, पण मन मागे फिरतं. आणि आता जामीन राहायचं?

अबोली यांचा प्रश्न

सर्वांना सलाम. विषय घरातला आहे, म्हणून टोपणनावानं लिहितेय.

आई अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळली, तेव्हापासून शेवटपर्यंत तिचं सगळं मी केलं. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, रात्रीसुद्धा. ज्यांनी केलंय त्यांना वेगळं सांगायला नको. दादा दुसऱ्या शहरात. नोकरी चांगली, गाडी दारात. यायचा मात्र नाही. घरच्या ग्रुपवर रोज सकाळी वचन टाकायचा. बायबलातलं तेविसावं स्तोत्र इतक्यांदा आलं की त्यातल्या हिरव्या कुरणांचाच राग यायला लागला. पैशांचं विचारलं की "बघतो". औषधं, डायपर, रात्रीची बाई, सगळा खर्च मी एका वहीत लिहीत गेले. सुरुवातीला हिशेबासाठी, पुढे पुढे पुराव्यासाठी. कोण कधी आलं, किती वेळ बसलं, हेसुद्धा त्यात आहे.

दफनाच्या वेळी दादा पुढे होऊन बोलला. "आईची सेवा करण्याचं भाग्य देवानं आम्हा भावंडांना दिलं." लोक डोळे पुसत होते. मी मूठभर माती टाकली आणि घरी आले.

याला आता बराच काळ लोटला. चर्चच्या पाळकांशी बोलले, गुडघे टेकले, "प्रभू, मी त्याला क्षमा केली" असं तोंडानं म्हटलं. म्हटलं तेव्हा खरंच हलकं वाटलं होतं. पण त्याचा फोन वाजला की पोटात पुन्हा तेच. रविवारी उपासनेत प्रभूची प्रार्थना सुरू झाली की सगळ्यांबरोबर मीही म्हणते, आणि "जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे" इथं पोचले की आवाज बंद. शेजारच्या बाकावर कळू नये म्हणून ओठ हलवते आणि पुढच्या ओळीला परत सामील होते.

त्यात आता हे नवीन. दादाला धंद्यासाठी कर्ज काढायचंय, जामीनदार हवाय. फोनवर आधी म्हणाला, "तुला त्रास झाला असेल, झालं गेलं जाऊ दे," आणि लगेच पुढच्या वाक्याला जामिनाचं काढलं. विचार करून सांगते म्हटलं तर, "म्हणजे तू अजून मनातून काढलंच नाहीस. ख्रिस्ती म्हणवतेस ना स्वतःला?" वहिनीनं तर करिंथकरांस पहिल्या पत्रातला तेरावा अध्यायच ऐकवला, प्रीती अपकार स्मरत नाही म्हणून.

मला इतकंच विचारायचंय की माझी क्षमा खोटी होती का? खरी असती तर परत परत वर का येते? आणि सही केली नाही तर ती क्षमा मोडली असं होतं का? मंडळीत विचारायची सोय नाही, सगळे दादाला ओळखतात आणि तो सगळ्यांना आवडतो. (मलाही आवडायचा.)

---

वाटसरू

ताई, माफ करा आणि विसरून जा. देव सगळं बघतो. सही करून टाका, तो तुम्हाला काही उणं पडू देणार नाही. तुमच्यासाठी प्रार्थना करतो.

---

खातेवही

"सही करून टाका" म्हणणाऱ्यांनी शेजारी आपलीही करावी.

आयुष्य बँकेत गेलं, म्हणून आधी कोरडं सांगतो. जामीन म्हणजे शिफारसपत्र नव्हे. कर्ज थकलं की जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच धरली जाते, बँक तुमच्याकडे यायला मोकळी असते. "मी फक्त सही केली होती" असं म्हणत माझ्या टेबलासमोर रडलेली माणसं आठवतात. बहुतेक वेळा कर्जदार भाऊ नाहीतर मेहुणा.

आता शास्त्राचं. मी काही पाळक नाही, पण बायबलातलं नीतिसूत्रे हे पुस्तक वाचतो, कारण त्यात माझ्या धंद्यातल्या गोष्टी आहेत. सहाव्या अध्यायात जामीन राहिलेल्या माणसाला सांगितलंय की डोळ्याला डोळा लागू देऊ नकोस, शिकाऱ्याच्या हातून हरीण सुटतं तसा सुटून जा. बाविसाव्या अध्यायाचा शेवटही बघा. फेडायला तुझ्याजवळ काही नसेल, तर तुझ्या अंगाखालचं अंथरूण त्यानं का काढून न्यावं, असा सरळ प्रश्न आहे तिथं. त्यामुळे "ख्रिस्ती असशील तर सही कर" हे कुठल्या पुस्तकात लिहिलंय ते दादांनाच विचारा.

क्षमेचं जाणकारांनी सांगावं.

---

निवृत्त पाळक

अबोलीताई, सलाम. लांबलचक लिहायची जुनी खोड आहे, सांभाळून घ्या.

वहिनींनी जे वचन सांगितलं ते खरंच आहे, त्याला बगल देणार नाही. पण ते लिहिणारा प्रेषित पौल शेवटी तुरुंगातून आपला शिष्य तीमथ्य याला दुसरं पत्र लिहितो, त्याचा चौथा अध्याय काढा. चौदाव्या ओवीपासून वाचा. आलेक्सांद्र तांबटानं माझं पुष्कळ वाईट केलं, असं तो नाव घेऊन लिहितो. प्रभू त्याच्या कृतीप्रमाणे त्याची फेड करील, आणि तूही त्याच्यापासून सांभाळून राहा. म्हणजे झालेलं वाईट त्याला लख्ख आठवतंय, व्यवसायासकट आठवतंय, आणि तो दुसऱ्याला सावधही करतोय. मग त्याच्या प्रीतीचं काय? तर फेड करायचं काम त्यानं स्वतःकडे ठेवलेलं नाही. ते प्रभूकडे दिलं आणि हात मोकळे केले. अपकार न स्मरणं म्हणजे स्मरणशक्ती जाणं नव्हे, त्या अपकाराची थकबाकी घेऊन दारोदार न हिंडणं.

आणि लगेच पुढची ओवी. माझ्या पहिल्या जबाबाच्या वेळी माझ्या बाजूला कोणी उभं राहिलं नाही, सगळ्यांनी मला सोडलं. हे त्यांच्या हिशेबी न धरलं जावो.

ही ओवी तुमची आहे, ताई. मारणारे वेगळे आणि गरजेला न आलेले वेगळे. तुमच्या दादानं आईला काही केलं नाही. त्यानं काहीच केलं नाही, हीच तर तक्रार. न आलेल्या माणसाचा राग फार चिवट असतो, कारण दाखवायला काही हातात नसतं. म्हणून तर तुम्हाला वही लागली. पौलालाही ते लागलेलं आहे, नाहीतर मरणाच्या तोंडावर त्यानं ते लिहून कशाला ठेवलं असतं? पण त्याच्या पुढचं वाक्य असं आहे की तरी प्रभू माझ्याजवळ उभा राहिला आणि त्यानं मला शक्ती दिली. "हिशेबी न धरलं जावो" हे तो म्हणू शकला ते या वाक्याच्या जोरावर. ज्याला रात्री दोन वाजता आपण एकटेच होतो असं वाटतं, त्याला क्षमा करणं जवळजवळ अशक्य असतं, कारण त्याचं नुकसान भरून द्यायला त्या न आलेल्या माणसाखेरीज दुसरं कोणी उरतच नाही. त्यामुळे तुम्ही दादाशी जितकं झगडताय, तितकंच तुम्हाला देवाला विचारायचं असावं असं मला वाटतं. मी आईची कूस बदलत होते तेव्हा तू कुठे होतास? हे विचारायला भिऊ नका. स्तोत्रांत असं विचारणारे पुष्कळ आहेत. तेराव्या स्तोत्राची सुरुवातच मुळी "कुठवर" अशी आहे.

क्षमा खोटी होती का, या प्रश्नाकडे येतो. मत्तय १८ मधला दाखला तुम्हाला पाठ असेल, पण त्यातले आकडे आपण घाईनं ओलांडतो. राजा चाकराचं कर्ज सोडतो, आणि तोच चाकर आपल्या सोबत्याचं कर्ज सोडत नाही. राजाचं येणं दहा हजार तलांत, चाकराचं येणं शंभर देनार. एक देनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी, आणि एक तलांत म्हणजे सुमारे ६,००० देनार. राजाचं येणं झालं ६ कोटी दिवसांची मजुरी. वर्षाला ३०० दिवस राबलं तरी दोन लाख वर्षं. "मला वागवून घ्या, मी सगळं फेडीन" असं तो चाकर म्हणतो, यातच केवढी विनोदी शोकांतिका आहे बघा. उपदेशात इथं सहसा असं सांगतात की त्यामानानं शंभर देनार म्हणजे किरकोळ. मला ते पटत नाही. शंभर देनार म्हणजे तीन महिन्यांहून जास्त दिवसांची कमाई. ज्याच्या घरात ती आली नाही त्याला विचारा किरकोळ आहे का. येशूनं आकडा एक देनार ठेवला नाही. तुमचं येणं खरं आहे, मोठं आहे, हे दाखल्यातच धरलेलं आहे. क्षमा खऱ्या येण्याचीच करायची असते. "एवढं काही झालं नाही" म्हणून जे सोडलं जातं त्याला क्षमा म्हणत नाहीत, तिथं सोडायला काही नसतंच.

मोठं कर्ज असेल तर ते सोडल्याचं परत परत आठवतं, आणि दर वेळी परत सोडावं लागतं. भावाला किती वेळा क्षमा करू, सात वेळा का, असं शिष्य पेत्रानं येशूला विचारलं आणि उत्तर साताच्या सत्तर वेळा का आलं, तर भावानं सत्तर वेळा नवा अपराध केला म्हणून असेलही, पण जुना एकच अपराध सत्तर वेळा वर येतो म्हणूनही असेल. हे माझं म्हणणं आहे, टीकाग्रंथात शोधू नका.

भावांनीच ज्याला गुलाम म्हणून विकलं, त्या योसेफाचं थोडक्यात. पहिला मुलगा झाला तेव्हा तो म्हणाला होता की देवानं माझे सर्व कष्ट आणि माझ्या बापाचं घर यांचा मला विसर पाडला. मग दुष्काळात भाऊ समोर येऊन उभे राहिले आणि तो बाजूला जाऊन रडला. विकला गेला सतराव्या वर्षी, आणि हे घडतंय तेव्हा तो चाळिशीच्या उंबरठ्यावर आहे. सरकारात मिसरचा राजा फारो याच्या खालोखाल. तरी रडला, आणि पुढे पुन्हा पुन्हा रडला. आणि त्यानं भावांना लगेच मिठी मारली नाही हे लक्षात घ्या. धान्य दिलं, गुपचूप पैसेही परत केले, पण ओळख दिली नाही. भावांपैकी शिमोनाला ठेवून घेतलं, धाकट्या बन्यामीनाला आणायला लावलं. योसेफाला विका म्हणणारा भाऊ यहूदा जेव्हा बन्यामीनाबद्दल "याच्याऐवजी मला गुलाम ठेवा" म्हणाला, तेव्हाच त्यानं तोंड उघडलं. पोट भरायला त्यानं त्यांना थांबवलं नाही. विश्वास मात्र थांबवून ठेवला.

म्हणून जामिनाचं माझं मत खातेवहींसारखंच आहे, फक्त एक पुस्ती जोडतो. जामीन राहणं पाप नाही. पौल फिलेमोनाला लिहितो की तुझा दास अनेसिम याच्याकडे तुझं काही येणं असेल तर ते माझ्या नावावर मांड, आणि स्वतःच्या हातानं लिहून देतो. पण ते त्यानं आपण होऊन केलं. त्याच्या विश्वासाची परीक्षा घेऊन कोणी त्याच्याकडून ते लिहून घेतलं नव्हतं.

आता वही. फाडू नका, जाळू नका, कुणी सांगितलं तरी. हिज्कीया राजाला अश्शूरच्या राजाचं धमकीचं पत्र आलं तेव्हा त्यानं ते मंदिरात नेलं आणि परमेश्वरापुढे उलगडून ठेवलं (२ राजे १९). तुमच्याकडे पत्र नाही, वही आहे. दार लावून बसा आणि वाचून दाखवा. रोज एक पान, तारखेसकट, औषधाच्या नावासकट. वाचताना राग आला तर येऊ द्या. ज्याच्याकडे हिशेब सोपवायचा त्याला आधी तो दाखवायला नको का?

आणि रविवारी त्या ओळीला आवाज नाही निघाला, तर नुसतं उभं राहा. ओठ हलवायची गरज नाही. ती प्रार्थना एकट्यानं म्हणायची नसते म्हणूनच मंडळी आहे. तुमच्या वाटची ओळ तेवढा वेळ बाकीचे म्हणतील.

---

शंकेखोर

पाळकसाहेब, सगळं वाचलं, पण एक अडतं. लूक १७:३ मध्ये "त्यानं पश्चात्ताप केला तर त्याची क्षमा कर" असं स्पष्ट आहे. दादानं पश्चात्ताप केलाय कुठे? "झालं गेलं जाऊ दे" हे ज्याचं गेलं त्यानं म्हणायचं असतं, ज्यानं घालवलं त्यानं नव्हे. मग ताईंवर आत्ताच क्षमा करायचं ओझं का? आपल्या मंडळ्यांत हे फार चालतं. ज्याला लागलंय त्यालाच बोलावून समजावतात, कारण तो ऐकून घेणारा असतो. ज्यानं दुखवलं त्याच्याकडे कोणी जात नाही. लूकच्या त्याच ओवीत आधी "त्याला दोष दाखव" असं आहे, ते कधी उपदेशात ऐकलंत?

---

निवृत्त पाळक

शंकेखोर, शेवटच्या मुद्द्यावर बिनशर्त सहमत.

पहिल्याबद्दल सांगतो. मार्क ११:२५ शेजारी ठेवा. तिथं प्रार्थनेला उभे असताना कोणाविरुद्ध मनात काही असेल तर क्षमा करा, असं आहे. तिथं अपराधी हजरच नाही, त्याच्या पश्चात्तापाची अटही नाही. माझ्या समजुतीनं या दोन वेगळ्या जागा आहेत. मार्कमधली क्षमा माणूस आणि देव यांच्यातली, ती दादा कसा वागतो यावर टांगून ठेवली तर ताईंच्या मनाची किल्ली दादाच्या खिशात राहील. लूकमधली दोघांमधली. ती समोरासमोर, दोष दाखवून, ऐकून घेऊन होते, आणि तिला दुसऱ्या बाजूनं काहीतरी यावं लागतं. पहिली झाली म्हणून दुसरी झालीच असं नाही.

ओडिशात १९९९ च्या जानेवारीत ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची दोन मुलं, फिलिप दहा वर्षांचा आणि तिमथी सहा वर्षांचा, यांना गाडीत जाळून मारलं. ग्लॅडिस स्टेन्स यांनी क्षमा केल्याचं जाहीर सांगितलं तेव्हा कुणाचा पश्चात्ताप नव्हता, खटलाही उभा राहिलेला नव्हता. त्या पुढे काही वर्षं तिथंच कुष्ठरुग्णांमध्ये राहिल्या. आणि खटला आपल्या वाटेनं चालला, २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मुख्य आरोपीची जन्मठेप कायम केली. त्यांच्या क्षमेनं न्यायालयाचं दार लागलं नाही आणि न्यायालयानं त्यांची क्षमा खोटी ठरवली नाही. उदाहरण फार मोठं आहे, घरगुती भांडणाला लावताना संकोच वाटतो. पण दोन्ही गोष्टी एका वेळी राहू शकतात, एवढ्यापुरतं घ्या.

---

रात्रपाळी

मी कॅथलिक, पेशानं नर्स. तुमच्यातले ओव्यांचे क्रमांक मला पाठ नाहीत, त्यामुळे माझ्या कामातलं सांगते.

अबोली, पाठीच्या जखमा तुम्हाला माहीत आहेत. वरून कातडी पटकन धरली तर आम्हाला आनंद होत नाही, भीती वाटते, आत पू असेल म्हणून. ती जखम तळापासून भरत वर यावी लागते, आणि तोवर रोज ड्रेसिंग उघडायचं. उघडताना दुखतं. दुखलं म्हणजे बरी होत नाहीये असा अर्थ नसतो. तुमचं तोंडानं क्षमा म्हणणं आणि फोन वाजला की पोटात कळ येणं, दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं.

आमच्याकडे पापनिवेदनाला जातात. माझ्या मनात एका नातलगाबद्दल असंच काहीतरी होतं, तर फादरनी विचारलं, "त्याचं वाईट व्हावं असं वाटतं का?" म्हटलं नाही, पण तो समोर आला की त्रास होतो. ते म्हणाले, मग त्रासाचं निवेदन करू नकोस, ते पाप नाही. वाईट व्हावं असं वाटेल त्या दिवशी ये. मला ते फार सोयीचं मोजमाप वाटलं. तुम्हीही स्वतःला विचारून बघा, दादाचा धंदा बुडावा असं वाटतं का.

कोरी टेन बूम यांचं पुष्कळांनी ऐकलं असेल. हॉलंडमधल्या, घरात ज्यूंना लपवलं म्हणून १९४४ मध्ये पकडल्या गेल्या, बहीण बेट्सी रावेन्सब्रुकच्या छळछावणीत वारली. १९४७ मध्ये म्युनिकच्या एका चर्चमध्ये क्षमेवरच बोलल्या आणि सभा संपल्यावर त्या छावणीतला एक पहारेकरी हात पुढे करून समोर. त्यांचा हात उचलेना. आत काही म्हणजे काही वाटत नव्हतं. येशूला म्हणाल्या, मी फक्त हात उचलू शकते, भावना तू दे. आणि निव्वळ हात उचलला. आधी हात, मग बाकीचं. सगळ्यांना बाकीचं लगेच मिळेल असं नाही, हे मी माझ्या पदरचं सांगते. पण हात उचलण्यापुरती ताकद मागायला हरकत नाही.

आणि झोप घेता ना? इतकी वर्षं दर दोन तासांनी उठलेल्या बाईची झोप आई गेल्यावरही लगेच लागत नाही. दमलेल्या माणसाला सगळे राग दुप्पट वाटतात. डॉक्टरांना दाखवा, त्यात विश्वासाची कमी नाही.

---

वाटसरू

ताई, मी घाईत लिहिलं. जामिनाचा भाग मागे घेतो. प्रार्थनेचा नाही.

---

अबोली

सगळ्यांना उत्तर द्यायला वेळ लागला. वाटसरूदादा, प्रार्थना चालू ठेवा.

जामीन राहणार नाही असं दादाला कळवलं. फोनवर, मेसेज करून नाही. कारण विचारलं तर म्हटलं, कर्ज थकलं तर फेडण्याची माझी ऐपत नाही, आणि तसं झालं तर मला तुझा पुन्हा राग येईल, तो मला नकोय. बराच वेळ गप्प होता. मग "ठीक आहे" म्हणाला. ग्रुपवर वचनं यायची थांबली आहेत, ते रागानं की काय माहीत नाही. खरं म्हणजे बरंच वाटतंय.

वही वाचायला घेतली. दार लावून, मोठ्यानं. पहिल्या पानाला स्वतःचंच हसू आलं, देवाला गोळ्यांच्या किमती सांगतेय म्हणून. तिसऱ्या चौथ्या पानाला हसू गेलं. "कुठे होतास" हे विचारलं. उत्तर वगैरे काही ऐकू आलं नाही. पण पुढे एका पानावर शेजारच्या काकूंच्या वेळा दिसल्या. रात्री येऊन बसायच्या, मला आत झोपायला पिटाळायच्या, आईची कूस त्याच बदलायच्या. हे मी साफ विसरले होते. दादाच्या न येण्याच्या तारखा पाठ आणि काकूंच्या येण्याच्या तारखा वाचल्यावर आठवल्या. त्यांनाही मी पुराव्यादाखलच लिहून ठेवलेलं. अमुक परकी बाई आली, भाऊ नाही, असं.

रात्रपाळीताई, धंदा बुडावा असं वाटत नाही. धंदा चालावा आणि त्यातलं त्याला सुख लागू नये असं मात्र वाटतं. हे कशात मोडतं?

आणि पाळकसाहेब, एक शेवटचं विचारते. आईच्या खर्चातला अर्धा वाटा मी दादाकडे मागू शकते का? जामिनाला नाही म्हटलं, पण हा तर माझा हक्काचा पैसा. रक्कम वहीत आहे. मागितला तर "ऋण सोडले आहे" याचं काय?

---

रात्रपाळी

फादरकडे जाण्यात मोडतं. आमच्या नाही तर तुमच्या पाळकांकडे.

---

खातेवही

मागायचं असेल तर लेखी मागा, आकड्यांसकट, विशेषणं न घालता.

---

निवृत्त पाळक

मागू शकता. ऋण सोडायचं ते सूडाचं, आणि पैशांचं सोडायचं की मागायचं ते तुम्ही ठरवायचं. मागणं म्हणजे दोष दाखवण्याचाच एक प्रकार, शंकेखोरांनी काढलेल्या ओवीतला. दादालाही आपला वाटा उचलायची संधी मिळेल, ती कोणी त्याला आजवर दिलेली दिसत नाही.

फक्त मागायच्या आधी एका प्रश्नाचं उत्तर स्वतःशी देऊन ठेवा. त्यानं नाही दिला तर तुम्ही काय कराल? "काही नाही, वाईट वाटेल आणि पुढे जाईन" असं उत्तर असेल तर उद्याच मागा. "मग ही वही सगळ्या नातेवाइकांना दाखवीन" असं असेल तर अजून थोडी पानं देवापुढे वाचा, मग मागा. पैसे पळून जात नाहीत.

---

अबोली

दुसरं आहे. थांबते.